डार्कथ्रोनचा आवाज इतका बदलत का गेला?

प्रश्न रास्त आहे, कारण पहिला अल्बम आणि चौथा लागोपाठ ऐकले तर बँड एकच आहे यावर विश्वास बसत नाही. डार्कथ्रोन हा मेटल बँड; नॉर्वेच्या कोल्बोटनमधली ही पोरं १९८६ मध्ये 'ब्लॅक डेथ' नावाने जमली. १९९१ चा 'सोलसाइड जर्नी' स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झालेला, चक्क डेथ मेटल, म्हणजे घोगऱ्या गुरगुरीचं, जड मेटल! पुढच्याच वर्षी 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय'ने तोंडवळाच पालटला आणि बँड कच्च्या, खरखरीत ब्लॅक मेटलकडे वळला, जरी काही रिफ (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी) जुन्या डेथ मेटलच्याच उरल्या होत्या.

माझ्या मते कळस १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'. ड्रमर फेनरिझने सगळी वाद्यं एकट्याने वाजवली, तीही साध्या चार-ट्रॅक रेकॉर्डरवर मुद्रित करत. बँडमधला दुसरा, गायक-गिटारवादक नोक्टुर्नो कल्टो, त्याचा फक्त आवाज. गिटार भुंग्यासारखी गुणगुणत राहते, ड्रम एकाच चालीत धावतात, बास शोधावा लागतो. ही खरखर मुद्दाम ठेवलेली आहे.

२००६ च्या 'द कल्ट इज अलाइव्ह'पासून पंक घुसलं, मग जुन्या धाटणीचं हेवी मेटल आणि संथ, जड डूम मेटल. (मधले काही अल्बम मला तरी रटाळ वाटतात.) मैफिली कधीच सोडल्यात, त्यामुळे प्रेक्षकांना काय आवडेल याची पर्वा नाही. दोघांना ऐकावंसं वाटतं तेच ते वाजवतात.