सक्ती नेमकी कुणावर?

"मॅडम, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर गपगुमान गेलं असतं. पण ह्याची आई आडवी येते."

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वडील हे बोलत होते आणि मुलगा खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होता. वय तेरा, इयत्ता आठवी. जूनपासून शाळेला दांड्या सुरू होत्या आणि गणपतीच्या सुट्टीनंतर तर त्यानं "शाळेत जाणार नाही" असं सांगूनच टाकलं होतं. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचं, वर्कशॉप. मुलगा दिवसभर तिथं जाऊन बसायचा. आई म्हणाली, "मी आठ दिवस नीट जेवलो नाही, मॅडम. आता शिक्षण सक्तीचं आहे म्हणतात. शाळेनं नाव काढलं तर? पोलीस येतील काय?"

जबरदस्ती करावी का, आणि कायदा आपल्याला काय करेल, हे दोन प्रश्न मला सतत विचारले जातात. म्हणून या घराच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून, हा अनुभव लिहिते आहे.

आधी आईची भीती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवीचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं. पण त्यातल्या 'सक्तीचं' या शब्दाचा अर्थ कायद्यानंच सांगितला आहे आणि तो फार थोड्या पालकांना माहीत असतो. ती सक्ती सरकारवर आहे. मुलाला प्रवेश मिळतो, तो हजर राहतो आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं करतो, हे बघायची जबाबदारी सरकारची. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. हे आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होईपर्यंत शाळेला मुलाचं नाव काढून टाकता येत नाही. मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना शाळेत बंदी आहे. आईला हे सांगितल्यावर तिनं पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मुलाला मी शाळेबद्दल काहीच विचारलं नाही. वर्कशॉपमध्ये काय करतोस, एवढंच विचारलं. त्यानं खिशातून व्हर्नियर काढला, बारीक मापं घ्यायचं हत्यार! माझ्या टेबलावरचं पेन उचललं, व्हर्नियरच्या जबड्यात धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "दहा पॉइंट चौदा." दुसरं पेन, मग माझ्या चष्म्याची काडी. एमएमच्या शंभराव्या हिश्शापर्यंत तो आकडे सांगत होता. हे पोरगं गणितात नापास होतं. मी त्याच्या गणिताच्या पुस्तकातलं पाण्याच्या टाकीचं उदाहरण पुढं ठेवलं. 'क्षमता' या शब्दापाशी तो थांबला. 'क्ष' वर बोट ठेवलं, ओठ हलले, मग पुस्तक बंद करून म्हणाला, "मला नाही जमत." तेच उदाहरण मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तर उत्तर तोंडी दिलं. बरोबर.

आईला मी एक काम दिलं होतं. कॅलेंडरवर गैरहजेरीच्या दिवसांना गोल करायचे, अगदी जूनपासून गणपतीच्या सुट्टीपर्यंत. चौदा गोल आले आणि त्यातले अकरा सोमवार-गुरुवारचे. त्या दोन दिवशी पहिला तास मराठीचा, प्रकट वाचनाचा. एकेकानं उभं राहायचं आणि धडा वाचायचा. कुणी मुद्दाम छळत नव्हतं. फक्त तो अडखळला की वर्ग हसायचा आणि बाई "बस खाली" म्हणायच्या. त्या सकाळी त्याच्या पोटात दुखायचं ते खोटं नव्हतं. डॉक्टरांकडं दाखवून झालं होतं, पोटात काही निघालं नव्हतं.

आठवीतल्या मुलाला सलग चार ओळी वाचता येत नाहीत आणि सात वर्षांत हे कुणाच्याच लक्षात येत नाही, याचा मला राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो. मुलांना नापास करा असं माझं म्हणणं नाही. नापास झालेला मुलगा त्याच बाकावर दुसऱ्या वर्षी जास्त शरमेनं बसतो, एवढंच. पण वर ढकलताना त्याच्याकडं एकदा नीट बघायला काय हरकत होती?

वडिलांना मी अध्ययन अक्षमतेबद्दल सांगत होते. बुद्धी चांगली असूनही अक्षर आणि आवाज यांची सांगड मेंदूत पटकन बसत नाही. हा आळस नव्हे. आणि हे बऱ्याचदा घराण्यात असतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलाकडं न बघता म्हणाले, "मीबी सातवीतनं असाच पळालो. मास्तर उभं करून वाचायला लावायचे. अजून बिलं हीच वाचते." त्यांनी बायकोकडं हात केला. पोरानं खिडकीतून नजर काढून बापाकडं बघितलं. त्यानंतर थोबाडीत द्यायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, असं आई सांगते.

आपण कोल्हापूरची माणसं. सक्तीच्या शिक्षणाचा विषय निघाला की शाहू महाराजांचं नाव घेतो, आणि घ्यायलाच हवं. १९१७ साली त्यांनी संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. त्यात दंड होता, महिन्याला एक रुपया, आणि तो मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला. मुलाला नव्हे. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू झालं १९०१ ला, म्हणजे सक्तीच्या सोळा वर्षं आधी. मागोमाग कितीतरी समाजांची वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकातून जाताना त्यातली काही आजही दिसतात. खेड्यातलं पोर शिकत नाही, कारण त्याला राहायला-जेवायला जागा नाही, हे त्यांनी आधी पाहिलं. सक्ती करणाऱ्याची नजर अशी असावी लागते. माझ्याकडं येणाऱ्या पोरांची अडचण भाकरीची नसली तरी काहीतरी असतेच. कधी न दिसणारा फळा, कधी बसमध्ये छेडणारी टोळी, कधी घरातलं भांडण. 'शाळा नको' हे त्या अडचणीचं मुलाला सांगता येणारं एकच नाव असतं.

म्हणून जबरदस्ती करावी का, तर फरफटत नेऊ नका आणि घरीही बसवून ठेवू नका. घरी जितके दिवस जास्त, तितका परतीचा उंबरा उंच होतो. या मुलाचं आम्ही असं ठरवलं: पहिले पंधरा दिवस दुसऱ्या तासापासून शाळा. मुख्याध्यापक आधी तयार नव्हते, मी दोनदा जाऊन बसले. नंतर पूर्ण वेळ, पण वर्गापुढं वाचन नाही. बाईंनी त्याचं वाचन एकट्याचं घ्यायचं. डोळे-कान तपासून घेतले, सरकारी रुग्णालयातून चाचण्या करून प्रमाणपत्राची तयारी केली, म्हणजे दहावीला जादा वेळ, गरज पडली तर लेखनिक मिळतो. रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं विशेष शिक्षिकेकडं.

आणि वर्कशॉप? ते मी बंद करू दिलं नाही. लेथपाशी उभं राहायचं नाही, हे मात्र ठाम. चौदाच्या आतल्या मुलाला घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावायला कायदा परवानगी देतो, धोक्याच्या कामाला देत नाही. त्यानं तयार जॉब, म्हणजे घडवलेले सुटे भाग, मोजायचे आणि माप, धातू, गिऱ्हाइकाचं काम वहीत लिहायचं. आयटीआयला टर्नरच्या, म्हणजे लेथवरच्या कामाच्या, दोन वर्षांच्या कोर्सला दहावी पास लागते, हे त्याला मी सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मग करायला पाहिजे."

दिवाळीत तो चौदाचा झाला. वयानं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याची हद्द तिथं संपते आणि गळती नेमकी नववीतच वाढते. माझी खरी काळजी पुढच्या जूनची आहे. अजूनही महिन्यातून एखादा सोमवार बुडतो.

गेल्या शनिवारी तो वही घेऊन आला. मापं चोख. एका ओळीत 'पितळ' ऐवजी 'पिळत' लिहिलं होतं. खाली पेन्सिलीनं बरोबर शब्द होता, वडिलांच्या हातचा. तोही दोनदा खोडून लिहिलेला.