शाळा दीडला सुटते, तरी अभ्यासाला वेळ का उरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "मी गोव्यात फोंड्याजवळच्या शाळेत नववीत आहे. शाळा आठ ते दीड. घरी येऊन जेवते आणि पडते ती पाचला उठते. मग ट्यूशन. रात्री साडेबारापर्यंत झोप येत नाही आणि अभ्यासही होत नाही. सुट्टीत भरून काढीन म्हणते, तर चवथ (गणेश चतुर्थी) आणि दिवाळी तशीच निघून जाते. कसं बसवू?"

रात्रीचं राहू दे, आधी दुपारकडे बघ. पावसाळ्यात शीत-हुमण (भात-कालवण) जेवून आडवं झालं की दोन तास कसे जातात कळत नाही. ते दोन तास फुकटचे नसतात, रात्रीच्या झोपेतून उसने घेतलेले असतात. अडीच ते पाच झोपल्यावर रात्री दहाला झोप येणार कुठून? साडेबाराला डोळा लागला आणि सहाला उठलीस तर हिशेब साडेपाच तासांचा. तुझ्या वयाला ८ ते १० तास लागतात. म्हणून दुसऱ्या दुपारी पुन्हा गळून जायला होतं.

दुपारी झोप, पण २५ मिनिटंच. गजर दुसऱ्या खोलीत ठेव. उशाशी ठेवलेला गजर झोपेतच बंद केला जातो. अर्ध्या तासापुढे झोप खोल जाऊ लागते आणि त्या गाढ झोपेतून उठवलं की डोकं बराच वेळ जड राहतं. उठल्यावर तोंडावर पाणी मार आणि दहा मिनिटं बाल्कावावर (घरापुढच्या ओट्यावर) उजेडात बस. पहिले चार-पाच दिवस वाईट जाणार, कारण रात्रीची थकबाकी अजून फिटलेली नसते. तेवढे दिवस रात्री नवीन धडा उघडूच नको, दहाला दिवा बंद. रविवारी उठायला फार तर तासभर उशीर चालेल. दहापर्यंत लोळलीस तर सोमवारपासून पुन्हा तेच.

आता सव्वातीन ते चार. दिवसातला सगळ्यात किमती वेळ हाच, आणि तो बहुतेकांचा झोपेत जातो. शिकवलेलं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात वेगाने विसरतं; जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे मांडलं होतं. म्हणून त्याच दिवशी एकदा आठवायचं. पुस्तकं मिटून ठेव, कोरा कागद घे. आज ज्या सहा-सात तासिका झाल्या, त्यातल्या प्रत्येकीला पाच मिनिटं, आणि आठवेल ते लिही. मग वही उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भर. दुसऱ्या शाईत जे आलं तोच तुझा खरा अभ्यास, बाकीचं येतंच आहे. गणिताला ही रीत लागू नाही. तिथे वर्गातल्या उदाहरणांपैकी दोन, उत्तर झाकून, पहिल्या ओळीपासून सोडव.

यात हमखास होणारी चूक म्हणजे नोट्स सुंदर अक्षरात पुन्हा उतरवणं. हात दमतो, डोकं आराम करतं, आणि पान भरल्याचं समाधान मात्र मिळतं. जर्नलं, आकृत्या, नकाशे ही कामंही तशीच, डोकं कमी लागणारी. ती रात्री आठनंतरच्या दमलेल्या वेळेला दे. बालरथात (शाळेच्या बसमध्ये) वाचू नको, वळणांवर मळमळतं. तिथे कालचा धडा नुसता आठवून पाहायला हरकत नाही.

तू मराठीत विचारलं आहेस म्हणून एक जास्तीची गोष्ट. आपल्याकडे पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जातात. मग नववीतसुद्धा विज्ञानाचं उत्तर समजलेलं नसताना पाठ केलं जातं आणि प्रश्न जरा फिरवून आला की अडतं. मुद्दा आधी मराठीत मोठ्याने समजावून सांग, भिंतीला सांगितलास तरी चालेल. त्यानंतर तो इंग्रजीत लिही. मराठीत अडखळलीस तर धडा कळलेला नाही. मराठीत जमलं आणि इंग्रजीत अडलं तर फक्त शब्द कमी आहेत, आणि शब्द दहा मिनिटांत पाठ होतात. ही दोन दुखणी वेगळी आहेत, औषधही वेगळं.

सुट्टीचं गणित चुकतं ते मोजणीत. कॅलेंडरवर आठवडा दिसतो म्हणून आठवड्याचा अभ्यास ठरतो. कागदावर सुट्टीचा प्रत्येक दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन चौकटींत मांड आणि आधी काट मारायला घे. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं, सामान आणायचा दिवस गेला. तय (चवथीच्या आदल्या दिवसाची तृतीया) गेली, चवथ गेली, पंचमी गेली. गणपती दीड दिवसाचा की पाच, सात दिवसांचा ते घरी ठाऊकच असतं. विसर्जनाची संध्याकाळ गेली. घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवत आरतीला वाड्यावरची घरं फिरायची असतील तर ती रात्र आणि दुसरी सकाळ दोन्ही काट. एवढं करून सहसा सहा-सात चौकटी उरतात. प्रत्येक चौकटीत सव्वा तासाचंच काम धर. त्यातल्याही दोन मुद्दाम रिकाम्या सोड, कारण पाहुणे येतात, लाइट जाते. फोनवर पीडीएफ ठेवून लाइटीवर विसंबू नको, वही घे. प्रोजेक्टचं सामान, चार्ट पेपर वगैरे चवथीच्या चार दिवस आधीच आण. बाजारातली गर्दी तुझ्या चार्ट पेपरसाठी थांबत नाही. बाईंना आधी विचारून माटोळीच्या फळांचाच प्रोजेक्ट करता आला तर उत्तम: तोरंजन, कवंडळ, कांगणी, सुपारीचा घोस घरातच टांगलेला असतो, नावं सांगायला आजी असते.

मागच्या वर्षीचं वेळापत्रक उचलून वापरू नको. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती १४ सप्टेंबरवर गेली. परीक्षा चवथीच्या आधी की नंतर, यावर सगळा बेत बदलतो.

दिवाळीला अभ्यासापेक्षा झोपेची काळजी घे. नरकासुराचे पुतळे करणाऱ्या मुलांच्या चार-पाच रात्री दोन-तीनपर्यंत जातात आणि मग शाळा उघडली तरी सकाळ उगवत नाही. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच अलीकडे आणता येतं. म्हणून शाळेच्या आधीचे चार दिवस उठायची वेळ रोज एक तासाने अलीकडे आण. झोपायची वेळ जबरदस्तीने आणता येत नाही, ती उठण्यामागून येते.

मे महिन्याचा घोटाळा निराळाच. २०२५ मध्ये आपल्याकडे सहावी ते दहावीचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले आणि सुट्टी त्यानंतर आली. म्हणजे नव्या वर्षाचे पहिले धडे शिकून पोरं महिनाभर आंबे-फणसांत, आणि जूनमध्ये शिक्षक पुढचा धडा उघडतात. वर्ष असं सुरू झालं तर एप्रिल संपायच्या आत प्रत्येक धड्याचं अर्धं पान टिपण करून ठेव. ते मेच्या मध्यात एकदा आणि शाळा उघडायच्या तीन दिवस आधी एकदा, न बघता लिहून काढ. दोन्ही वेळा मिळून तीन तासही लागत नाहीत. बाकीचा मे तुझा.