परदेशातल्या घराची वाटणी

प्रश्न : आमचे वडील पुण्यात वारले. ते भारतीय नागरिक होते. न्यू जर्सीतलं घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, मृत्युपत्र नाही. आम्हा भावंडांना वाटणीचा दावा पुण्यात लावता येईल का?

उत्तर : नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चं कलम 16 म्हणतं, मिळकत जिथं तिथल्या कोर्टात दावा; पण ते फक्त भारतातल्या स्थावराला लागू आहे. पुण्यातल्या वारस दाखल्यावर तिथं नाव चढत नाही. घर ज्या काउंटीत (तिथल्या जिल्ह्यात) आहे, तिथल्या सरोगेट कार्यालयात, म्हणजे वारसाची प्रकरणं पाहणाऱ्या कार्यालयात, प्रशासक (मयताची मालमत्ता सांभाळून वाटणारा) नेमून घ्या. मृत्यूचा दाखला अपॉस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारने प्रमाणित केलेला, न्या. वाटेही न्यू जर्सीच्या कायद्याने ठरतील.

भांडत बसू नका. अमेरिकेतली मालमत्ता 60,000 डॉलरच्या वर असेल, तर मृत्यूपासून 9 महिन्यांत फॉर्म 706-एनए, म्हणजे तिथल्या इस्टेट कराचं (मयताच्या मालमत्तेवरच्या कराचं) विवरणपत्र, भरावा लागतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पुण्यातली मिळकत असेल तर तिचा दावा मात्र इथेच.