शोधनिबंधाच्या आकृत्या पाठवण्यापूर्वी

मांडवी आणि जुवारी या गोव्यातील नद्यांच्या क्षारतेचे तुमचे आलेख मी काल बारकाईने पाहिले. निरीक्षणे मोलाची आहेत, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

आलेख काढण्याआधीच तो किती रुंद छापला जाणार आहे, हे नियतकालिकाच्या सूचनांमध्ये पाहावे. एका स्तंभाची रुंदी बहुधा 8.5 सेंटिमीटरच्या आसपास असते. तुम्ही 25 सेंटिमीटर रुंदीच्या आलेखात 10 पॉइंटची अक्षरे ठेवली आहेत, तो 8.5 सेंटिमीटरवर आणला की ती सुमारे 3.4 पॉइंटची उरतील आणि अक्षांवरील आकडे कोणालाही वाचता येणार नाहीत. आलेख शक्यतो पीडीएफ किंवा ईपीएस स्वरूपातच ठेवा, म्हणजे रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फुटत नाहीत.

चोडण बेटावरच्या खारफुटीतील श्वसनमुळांचे छायाचित्र मात्र पिक्सेलचे, म्हणजे ठिपक्यांचे असते. 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) 8.5 सेंटिमीटरसाठी सुमारे 1004 पिक्सेल रुंदी लागते, आणि फाइलमधला डीपीआयचा आकडा नुसता बदलल्याने तपशील वाढत नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत वापरू नका. कॅमेऱ्यातील मूळ फाइल मिळवा आणि जपून ठेवा. माझ्याकडे एकदा संपादकांनी मूळ फाइल मागितली होती, ती मला देता आली नाही आणि ते छायाचित्र वगळावे लागले. त्याची खंत अजून आहे. उजळपणा बदलायचा असल्यास संपूर्ण चित्रात सारखाच बदला. मोजपट्टी, म्हणजे खरे माप दाखवणारी रेघ, चित्रातच काढा.

आलेखांत लाल-हिरव्याची जोडी टाळा. रंगांधत्व असलेल्या वाचकांना त्या दोन नद्या वेगळ्या ओळखता येणार नाहीत.