वाशीच्या कॉन्फरन्ससाठी ए-झीरो पोस्टर करतेय. मजकूर हजार शब्दांचा झालाय, अक्षर किती मोठं ठेवू?

मुख्य मजकुराचं अक्षर २४ पॉइंटच्या खाली नेऊ नका, ३२ असेल तर उत्तम. हजार शब्द मात्र निम्म्याहून कमी करा, नाहीतर आलेखांना पुरेशी जागा उरणार नाही. मी ठाण्यात नौपाड्यात प्लॉटरवर, म्हणजे मोठ्या कागदाच्या प्रिंटरवर, पोस्टर छापून देतो. स्क्रीनवर ठळक दिसणारं अक्षर भिंतीवर लावून चार पावलं मागे गेलं की वाचवत नाही, हे रोज पाहतो. घरीच तपासून घ्या: ए-झीरो (८४१ × ११८९ मिमी) लांबी-रुंदीला ए-फोरच्या चौपट असतो, म्हणून फाइल ए-फोरवर छापली की २४ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटचं होतं, औषधाच्या पाकिटावरच्यासारखं. तो कागद हातात धरून वाचताना डोळे ताणावे लागले, तर आधी प्रस्तावना कापा. आलेखांना तेवढी जागा द्या, लोक तिथेच थांबतात. आणि कृपा करून आलेख व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले वापरू नका, अक्षांवरचे आकडे फुटतात; मूळ सॉफ्टवेअरमधूनच पीडीएफ काढा. मराठी मजकूर असेल तर फॉन्ट एम्बेड केलेली (फाइलमध्येच सामावलेला) पीडीएफच दुकानात द्या. वर्डची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की कधी कधी पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. फक्त आयोजकांनी बोर्डाचं माप किंवा उभं-आडवं कळवलं असेल, तर ए-झीरोचा हट्ट सोडून तेच पाळा. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत नेणार असाल तर पोस्टर प्लास्टिकच्या नळीत घालून न्या, कागदाला पडलेली घडी जात नाही.