कऱ्हेकाठच्या कथा आणि सराट्याचे काटे

गेल्या अंकात कऱ्हा नदीच्या काठाने सायकलवर जाण्याबद्दल दोन ओळी छापल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

पुण्याहून निघून एका दिवसात परतता येईल आणि वाटेत लोककथांची ठिकाणे लागतील, असा मार्ग नेमका कोणता? — एक वाचक, कोंढवा

कथा ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने रस्ता धरा. कऱ्हेच्या जन्माची गोष्ट पुरंदर तालुक्यातल्या गराड्याच्या बाजूला सुरू होते. तिथे ब्रह्मदेव तपाला बसले होते, खाली पांडेश्वरी पांडवांना यज्ञासाठी पाणी हवे होते, आणि पांडवांनी ब्रह्मदेवांचा कमंडलू कलंडवला. त्यातून वाहिली ती कऱ्हा. कमंडलूला करा म्हणतात. लग्नात करवलीच्या हातात असतो तोच हा शब्द.

कोंढव्याहून बोपदेव घाट चढा. घाटमाथ्याजवळ बोपगावला कानिफनाथांचे देऊळ आहे. हत्तीच्या कानातून जन्मले म्हणून कानिफ. गाभाऱ्यात जायला एवढेसे भोक आहे, पोटावर सरपटत जावे लागते. तिथे चढणारा फाटा अंगावर येणारा आहे, पाय ताजे असतील तरच जा. गराडे आडवळणाला आहे, त्यासाठी तासभर जास्तीचा धरा. मग सासवड. इथे सोपानदेवांची समाधी, कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर संगमेश्वर आणि थोडे पुढे चांगावटेश्वर. चांगावटेश्वराच्या नावामागे चांगदेव उभे आहेत, ज्ञानदेवांना भेटायला वाघावर बसून निघालेले तेच. सासवडहून जेजुरी सुमारे १७ किमी. जेजुरीहून मोरगावही जवळपास तेवढेच, पण पांडेश्वरासाठी मधेच मुख्य रस्ता सोडून नदीकडे वळावे लागते. हा फाटा पुष्कळ जण चुकवतात. कथेचे दुसरे टोकच तिथे आहे, त्यामुळे तो टाळला तर सकाळी गराड्यापर्यंत गेलात कशाला?

मोरगावी गणपतीसमोर नंदी बसलेला दिसेल. शंकराच्या देवळासाठी तो गाडीवरून चालला होता, इथे गाडी मोडली आणि मग नंदी काही हलेना, असे सांगतात. वाहन मोडून अडकलेल्यांचे दैवत म्हणून सायकलवाल्यांनी त्याला नमस्कार करायला हरकत नाही.

जाताना एका बाजूचे अंतर ६० किमीच्या आसपास. परतीसह आणि फाटे धरून १३० ते १४०. पहाटे साडेपाचला निघालात तर जेजुरी दहाच्या आत गाठता येते. येताना दिवे घाटाने उतरा, तो बोपदेवपेक्षा सौम्य आहे. बोपदेवला पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांचा गिअर किमान हवा. पुढे एकच चक्र असेल तर ३८ दाती चक्राला मागे ४२ चालेल.

दर फेरीत दोन-तीन पंक्चर होतात. टायर बदलूनही फरक नाही. — एक वाचक, हडपसर

दोष टायरचा नाही, सराट्याचा आहे. सराटा म्हणजे जमिनीलगत पसरणारी काटेरी फळांची वेल. पुरंदर-बारामतीच्या कोरड्या पट्ट्यात पावसाळा ओसरला की रस्त्याच्या कडेला सराटे पसरतात. फळ कसेही पडले तरी त्याचा एक काटा वरच राहतो. बाभळीचा काटा लांब असतो, तो दिसतो तरी. सराट्याचा बारीक तुकडा टायरमध्ये मोडून राहतो आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. तुमची दोन-तीन पंक्चरे बहुधा एकाच काट्याची असावीत.

उपाय आधीच करून ठेवा. टायर चढवताना त्यावरचे छापील नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर आणा. पंक्चर झाल्यावर ट्यूबला हवा भरून भोक शोधा आणि ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहा. टायरवर नावापासून तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, काटा शोधायचा. आतून बोट फिरवू नका, रक्त निघते. फडक्याचा तुकडा फिरवा, काटा असेल तिथे धागा अडकतो. काटा आतून ढकलून बाहेरून चिमट्याने ओढा. ट्यूब घासून सोल्युशन लावल्यावर पाच मिनिटे थांबा. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेले ठिगळ घाटात सुटते.

सोबत दोन ट्यूब, सहा ठिगळे, चिमटा आणि पंप ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हची असते. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर खिशात हवाच. तो लावून कॉम्प्रेसरने हवा भरताना दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांत भरा. एकदम दाब दिला की ट्यूब फुटते, आणि तो आवाज गावभर जातो. ३५ मिमीच्या टायरला ७० किलोच्या माणसासाठी पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआय पुरे. ट्यूबलेस असेल तर सीलंट, म्हणजे भोक बुजवणारे आतले द्रव, दर दोन-तीन महिन्यांनी तपासा, उन्हाळ्यात ते आत सुकून पापुद्रा धरते.

आणि डांबराच्या अगदी कडेने, मातीला लागून चालवू नका. सराटे तिथेच असतात. कडेपासून दीड-दोन फूट आत राहा.

जेजुरीहून आल्यावर साखळी पिवळी होऊन करकरायला लागली. — एक वाचक, सासवड

भंडारा. हळदीची पूड तेलकट साखळीवर बसली की तेल शोषून लगदा होतो आणि कड्यांच्या फटीत भरतो. पाणी मारू नका, लगदा आणखी आत जातो. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग डिग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने, धुवा, पूर्ण वाळल्यावरच तेल. पुढच्या वेळी जाण्याआधी मेणाचे कोरडे लुब्रिकंट वापरा आणि सायकल गडाच्या पायऱ्यांपासून लांब लावा. येळकोटाचा गजर झाला की भंडारा कुठवर उडेल याचा नेम नाही.

पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, वर हळद सांडलेली. क्लीटचे, म्हणजे पॅडलला अडकणारे बूट घालून चढूच नका, सोबत साधी चप्पल ठेवा. अर्ध्या वाटेवर बानाईचे देऊळ लागते, तिथे थांबा. खंडोबा तिच्यासाठी धनगरवाड्यात मेंढ्या राखायला राहिला. म्हाळसेशी तिचे पटेना, म्हणून बानाई गडाच्या मधोमध राहिली. नुसते वर जाऊन आलेल्यांना ही गोष्ट निसटते.

वाल्हे याच मार्गात जोडता येईल? — एक वाचक, लोणंद

एका दिवसात मोरगाव आणि वाल्हे दोन्ही नकोत. दिशा वेगळ्या आहेत. वाल्हे जेजुरीहून नीरेकडे जाताना लागते. वाल्या कोळ्याचे गाव म्हणून ते ओळखले जाते. एक खून झाला की रांजणात एक खडा, असे सात रांजण त्याने भरले, ही ती गोष्ट. तुम्ही लोणंदचे, तर नीरा ओलांडून उलटे या. जेजुरीपर्यंत जाऊन परत फिरणे सोपे पडेल.

कोणत्या महिन्यात जावे? — एक वाचक, बारामती

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबरमध्ये वारा पश्चिमेचा. पुण्याहून मोरगावला जाताना तो पाठीवर असतो, शिवाय घाटानंतर रस्ता नदीसोबत हळूहळू उतरतो, म्हणून पुढचे जाणे फसवे सोपे वाटते. परतीला वारा तोंडावर आणि चढ पायांत. तुम्ही बारामतीहून निघणार असाल तर कष्ट आधी आणि आराम नंतर, हे जास्त शहाणपणाचे. पावसात नदीकाठच्या पाणंदींत मात्र शिरू नका. काळी माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये ठासून भरते. चाक अडले तरी पॅडल रेटले की मागच्या डिरेलरचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर तुटतो. अडले की उतरायचे, काडीने माती काढायची, सायकल उचलून डांबरावर यायचे.

ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात. पहिली ट्रॉली गेली म्हणून रस्त्यावर परत येऊ नका, दुसरी मागे असतेच.

टाळायचे दिवस: सोमवती अमावस्या, तेव्हा खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी. सगळे रविवार. आणि ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्काम करते, ते दिवस. तेव्हा घाटात सायकल नेण्यापेक्षा पायी चाला.