आमच्या अण्णांच्या आठवणी कशा जमवायच्या?

प्रश्न : मी श्रीवर्धनकडे सबस्टेशनला ऑपरेटर होतो, आता रिटायर. आमच्यात एक अण्णा होते, लाइनमन, वीज बोर्डात लागले आणि महावितरण झाल्यावर काही वर्षांनी रिटायर झाले, नंतर गावात वायरिंगची, मोटर जोडायची कामं करायचे. मागच्या पावसाळ्यात गेले. वर्षश्राद्धाला आम्ही मित्रमंडळी एक छोटी पुस्तिका काढतोय, ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं आठवणी लिहा, तर सगळ्यांचं तेच आलंय, खूप मनमिळाऊ होते, हसतमुख होते, देवमाणूस, भावपूर्ण श्रद्धांजली. खोटं कोणीच लिहिलेलं नाही पण त्यात आमचे अण्णा कुठे दिसत नाहीत हो. मलाही एवढंच आठवतं की परमिट परत करायला ते कधी दुसऱ्याला पाठवायचे नाहीत, आणि निसर्ग वादळानंतर रिटायर असूनही लाइनवरच्या पोरांबरोबर वाडीवाडीतून हिंडत होते. एवढ्यावर काय पुस्तिका होणार? कसं करू?

उत्तर : दादा, तुम्ही जे दोन ओळींत सांगितलंत ना तेच पुस्तिकेचं पहिलं पान करा. फक्त अण्णांच्या नातवंडांना कळेल असं सविस्तर लिहा, कारण परमिट म्हणजे काय हे तुमच्या खात्याबाहेर कोणालाच माहीत नसतं. 11 केव्हीच्या लाइनवर काम करायचं तर आधी सबस्टेशनमधून फीडर, म्हणजे तिथून निघणारी ती लाइन, बंद करून घ्यायचा, ऑपरेटरने परमिट द्यायचं, आणि ज्याने घेतलं तो परत करत नाही तोवर फीडर चार्ज, म्हणजे परत चालू, करायचा नाही, मग गावातून कितीही फोन येवोत लाइट कधी येणार म्हणून. म्हणजे वर पोलवर जी माणसं आहेत त्यांचा जीव त्या कागदावर आहे. अण्णा स्वतः यायचे ते यासाठी. सगळी माणसं खाली उतरलीत, लाइन जमिनीला जोडणारं अर्थिंग काढलंय, हत्यारं गोळा झालीत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला माणूस तुमच्यासमोर येऊन सही करायचा. तुम्ही टेबलाच्या या बाजूला होतात, तेव्हा हे तुमच्याइतकं चांगलं कोणी लिहू शकत नाही. आल्यावर आधी पाणी प्यायचे की आधी सही, भर पावसात आले तर कागद कुठे ठेवलेला असायचा, काय बोलायचे, सगळं लिहा.

आता बाकीच्यांचं. माझं स्पष्ट मत आहे की त्यांना लिहायला सांगूच नका. आयुष्यभर हातांनी काम केलेल्या माणसापुढे कोरा कागद ठेवला की तो लग्नपत्रिकेची भाषा काढतो. त्यापेक्षा दोघातिघांना एकत्र बसवा, चहा ठेवा, विचारून मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, आणि अण्णांची पक्कड, टेस्टर, कमरेचा बेल्ट असं जे घरी असेल ते मधे ठेवा. एक सांगायला लागला की दुसरा म्हणतो छे रे, ती लाइन नव्हे, ती खाडीकडची, आणि मग खरी आठवण निघते. प्रश्न कामाचेच विचारा. अण्णांनी पहिल्यांदा पोलवर कधी चढू दिलं? चढायच्या आधी काय तपासायला लावायचे? लाइन बंद असली तरी कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ करायची असते, कारण कोणाच्या तरी घरचा जनरेटर उलटा करंट देऊ शकतो, बाजूच्या चालू लाइनच्या इंडक्शनने बंद तारेतही करंट येऊ शकतो, तर कोणी कंटाळा केला तेव्हा अण्णा काय म्हणाले? चिडले असतील तर तेही येऊ द्या. बेल्ट न लावता चढणाऱ्यावर ओरडलेला माणूस त्या पोराला जन्मभर आठवतो आणि प्रेमानेच आठवतो.

वादळाचं तर स्वतंत्र पान हवं. 3 जून 2020, त्यात लॉकडाऊन, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या, पोल मोडलेले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नाही. मदतीला बाहेरच्या जिल्ह्यांतून टीम आल्या, त्यांना कोणत्या वाडीतून कोणती लाइन जाते हे कसं ठाऊक असणार, आणि बाग झोपल्यावर तर गावातल्या माणसालाही रस्ता ओळखू येत नाही. तिथे अण्णांच्या डोक्यातला नकाशा कामी आला असणार. त्या पोरांना शोधा, आज कुठेही बदली झालेली असो, फोन करा आणि विचारा की अण्णांनी तुम्हाला कुठून कुठे नेलं, कोणती डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आधी चालू करा म्हणाले आणि का.

गावातली गिऱ्हाइकंही विसरू नका. माझ्या मामांची पिठाची गिरणी होती, ते त्यांच्या वायरमनबद्दल अजून सांगतात की मोटर जोडून झाली की तो आधी पट्टा काढून ठेवायला लावायचा, क्षणभर मोटर फिरवून दिशा बघायचा, कारण तीन फेजमधल्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरते, आणि दिशा बरोबर दिसली तरच पट्टा चढवून पहिलं दळण पडेपर्यंत तिथेच थांबायचा, पैशाचं नंतर. मामांना त्याचं आडनाव आठवत नाही पण पट्ट्याशी वाकून बघणारा तो माणूस जसाच्या तसा आठवतो. अण्णांच्याही अशा गिरण्या, बागेतले पंप, देवळातली रोषणाई असणारच, तिथे जाऊन नुसतं विचारा, लोक थांबणार नाहीत बघा.

टाइप करताना भाषा सुधारू नका, जो जसा बोलला तसं ठेवा. एखाद्या आठवणीत कोणाचा अपघात येत असेल तर त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नका. आणि प्रेसला द्यायच्या आधी सगळं वहिनींना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, वाचून दाखवा, नोकरीला लागल्याचं साल, बदल्या, कोण कधी बरोबर होतं हे त्या दुरुस्त करतील, नसेल आठवत तर सर्व्हिस बुकाची झेरॉक्स घरात असते. महावितरण जून 2005 मध्ये झालं, त्याच्या आधीच्या आठवणीत बोर्डच लिहा.